जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८), प्रचलित नाव जॉन पोस्टेल, हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आणि इंटरनेटच्या आरंभकाळातील एक प्रमुख शिल्पकार होते. इंटरनेटवरील क्रमांक, नावे आणि तांत्रिक संकेत यांची अधिकृत नोंद त्यांनी सुमारे पाव शतक सांभाळली. इंटरनेटची मानके ज्या दस्तऐवजमालेतून प्रसिद्ध होतात, त्या आरएफसी मालेचे ते १९६९ पासून मृत्यूपर्यंत संपादक होते. जगभरच्या संगणकांना एकमेकांशी जोडणारी ही व्यवस्था दीर्घकाळ कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराविना, प्रामुख्याने त्यांच्यावरील विश्वासाच्या आधारे चालली. १९९० च्या दशकात इंटरनेटला व्यापारी महत्त्व आले, तेव्हा या नोंदवहीवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न जागतिक वादाचा विषय झाला. त्या वादातून आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या स्थापनेनंतर अवघ्या काही दिवसांत पोस्टेल यांचे निधन झाले.

जन्म आणि शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिस परिसरातील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे इंटरनेटच्या इतिहासात नावाजलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोस्टेल यांनी अभियांत्रिकीची पदवी १९६६ मध्ये आणि पदव्युत्तर पदवी १९६८ मध्ये मिळवली. १९७४ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. संगणकांनी परस्परांशी बोलताना पाळावयाच्या नियमांचे, म्हणजे प्रोटोकॉलचे, गणिती विश्लेषण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांचे पुढील सर्व आयुष्य याच विषयाभोवती गुंफलेले राहिले.

आर्पानेटमधील कार्य

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन विभागाने दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणक जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. या जाळ्याला आर्पानेट असे नाव होते. त्याचे पहिले केंद्र लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत उभारण्यात आले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश पाठवण्यात आला. पोस्टेल त्या वेळी या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एक होते.

प्रयोग नवा होता आणि त्याचे नियम ठरवणारी कोणतीही अधिकृत समिती नव्हती. तरुण विद्यार्थीच एकत्र बसून नियम रचत होते. आपण टिपून ठेवलेले विचार म्हणजे वरिष्ठांना डावलून काढलेले फर्मान वाटू नयेत, याची त्यांना काळजी होती. म्हणून स्टीव्ह क्रॉकर यांनी या टिपणांना मते मागवणारी विनंती अशा अर्थाचे नाव दिले. त्याचेच संक्षिप्त रूप म्हणजे आरएफसी. पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ रोजी निघाले. ही टिपणे जमवणे, त्यांना क्रमांक देणे, त्यांतील भाषा आणि तपशील तपासणे ही जबाबदारी लवकरच पोस्टेल यांच्याकडे आली.

डॉक्टरेटनंतर काही काळ त्यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत काम केले. १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत दाखल झाले. मरीना डेल रे या समुद्रकाठच्या वस्तीत असलेली ही संस्था त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

प्रोटोकॉल आणि मानके

आज इंटरनेट ज्या दोन मूलभूत प्रोटोकॉलवर चालते, त्यांना टीसीपी आणि आयपी म्हणतात. आरंभी ही दोन्ही कामे एकाच प्रोटोकॉलमध्ये गुंतलेली होती. १९७७ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात पोस्टेल यांनी या गुंतागुंतीतील दोष दाखवला. माहितीचे तुकडे, म्हणजे पाकिटे, योग्य पत्त्याच्या दिशेने पुढे नेणे हे एक काम; ती सर्व पोहोचली की नाही हे तपासून त्यांचा क्रम लावणे हे दुसरे काम. ही कामे वेगळी ठेवावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी हा विभाग करण्यात आला. त्यामुळे मधल्या यंत्रांवरील भार कमी झाला आणि नव्या प्रकारची जाळी जोडणे सोपे झाले.

सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ आणि ७९३ या क्रमांकांनी आयपी आणि टीसीपी यांची विवरणे प्रसिद्ध झाली. दोन्हींचे संपादन पोस्टेल यांचे होते. ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी या प्रोटोकॉलचे विवरण त्यांनी १९८२ मध्ये लिहिले. १ जानेवारी १९८३ रोजी संपूर्ण आर्पानेट जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी आणि आयपी यांवर आले. या स्थलांतराची योजनाही पोस्टेल यांनीच आखली होती. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक आरएफसी आहेत.

टीसीपीच्या विवरणात त्यांनी मांडलेले एक तत्त्व पुढे पोस्टेल यांचा नियम म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्याकडून बाहेर जाणारा मजकूर नियमांत चोख बसेल याची दक्षता घ्यावी. दुसऱ्याकडून येणाऱ्या मजकुरात किरकोळ उणीव असली, तरी अर्थ लागत असेल तर तो स्वीकारावा, असा या तत्त्वाचा आशय आहे. वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या यंत्रांवर लिहिलेल्या प्रणाली एकमेकींशी जुळल्या, याचे बरेच श्रेय या तत्त्वाला दिले जाते. अशा उदारपणामुळे सदोष प्रणाली सुधारल्या जात नाहीत आणि सुरक्षेतही फटी राहतात, अशी टीका अलीकडच्या काळात झाली आहे.

क्रमांकांची नोंदवही

कोणत्याही संपर्कव्यवस्थेत एक साधी अट असते. एकच क्रमांक दोघांना दिला जाता कामा नये. दोन घरांचा पत्ता एकच झाला, तर पत्र भलत्याच दारात जाते. त्यासाठी दिलेल्या प्रत्येक क्रमांकाची नोंद एकाच ठिकाणी असावी लागते. मे १९७२ मध्ये, विद्यार्थी असतानाच, पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ मध्ये अशी नोंद ठेवणारा कोणी एक असावा असे सुचवले आणि त्या कामासाठी स्वतःचेच नाव पुढे केले. आक्षेप कोणी घेतला नाही. आरंभी ही नोंद एका वहीत होती. जाळे वाढत गेले, तसे या कामाला इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी, संक्षेपाने आयाना, असे नाव पडले. नाव भारदस्त असले, तरी प्रत्यक्षात आयाना म्हणजे पोस्टेल, त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स आणि मोजके कर्मचारी. त्यांच्या कामाचा खर्च अमेरिकी सरकारच्या संशोधन-कंत्राटातून भागवला जाई.

या कामाचे स्वरूप भारतीय वाचकांना पिनकोडच्या उदाहरणाने समजू शकेल. योगायोग असा की, पोस्टेल यांनी हे टिपण लिहिले त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, भारतात पिनकोड सुरू झाला. त्याची रचना टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली होती. पिनकोडचे पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा विभाग दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. हे विभाग महसुली जिल्ह्यांच्या सीमा पाळत नाहीत. सातारा शहराचा पिनकोड ४१५००१ आणि कराडचा ४१५११० आहे. सांगली जिल्ह्यातील विटा गावाचा पिनकोडही ४१५३११ असा ४१५ नेच सुरू होतो. सांगली शहराचा पिनकोड मात्र ४१६४१६ आहे. सातारा जिल्ह्यातच असलेल्या वाईचा पिनकोड ४१२८०३, म्हणजे तिसऱ्याच विभागातला. टपाल ज्या वाटेने जाते, त्या वाटेला धरून अंक ठरले. जिल्ह्याचा अभिमान त्यांत पाहिला गेला नाही. आयपी पत्त्यांचेही तसेच आहे. ते जाळ्याच्या जोडणीला धरून गटागटाने दिले जातात, देशांच्या सीमांना धरून नव्हे.

फरक एवढाच की, पिनकोडमागे भारत सरकारचे टपाल खाते होते आणि देशोदेशींच्या टपाल खात्यांमागे १८७४ मध्ये बर्न येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार आणि त्यातून जन्मलेली टपाल संघटना होती. तारायंत्रासाठी १८६५ मध्येच देशांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली होती. तीच आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ म्हणून जिनिव्हा येथून काम करते. पोस्टेल यांच्या नोंदवहीमागे असा कोणताही करार नव्हता. जाळे चालवणारे अभियंते ती मानत होते, म्हणून ती अधिकृत होती.

नावांची व्यवस्था

संगणकाला अंक सोयीचे असतात, माणसाला नावे. आरंभी सर्व संगणकांची नावे आणि त्यांचे अंकी पत्ते यांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जात असे. संगणकांची संख्या वाढू लागली, तशी ही यादी आवरेनाशी झाली. पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे नवी व्यवस्था रचण्याचे काम सोपवले. मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डोमेन नावांची व्यवस्था आजही चालू आहे.

ही व्यवस्था वृक्षासारखी आहे. सर्वांत वर मूळ. त्याखाली डॉट कॉम, डॉट ओआरजी, डॉट ईडीयू यांसारख्या शाखा आणि देशांच्या दोन अक्षरी शाखा. त्यांखाली संस्थांची नावे. एखाद्या नावाचा शोध मुळापासून सुरू होतो आणि मूळ यादीत ज्या शाखेची नोंद नाही, ती शाखा बहुतेक जगाला दिसतच नाही. त्यामुळे मूळ यादीत काय असावे हे ठरवणे, ही संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची सत्ता ठरली. ती पोस्टेल यांच्याकडे होती.

या सत्तेचा उपयोग त्यांनी जपून केला. देश कोणता आणि कोणता नाही, हा प्रश्न राजकीय दृष्ट्या स्फोटक होता. पोस्टेल यांनी तो स्वतःकडे घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने देशांसाठी आणि प्रदेशांसाठी ठरवलेल्या दोन अक्षरी संकेतांची यादी आधीच अस्तित्वात होती. तीच त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. यादीत नाव असेल तर शाखा मिळेल, नसेल तर मिळणार नाही. मार्च १९९४ च्या आरएफसी १५९१ मध्ये त्यांनी हे धोरण स्पष्ट शब्दांत नोंदवले. देशाच्या शाखेचा व्यवस्थापक हा तिचा मालक नसून त्या देशातील आणि जगातील वापरकर्त्यांचा विश्वस्त आहे, असेही त्यांनी त्यात म्हटले. नावावर हक्क सांगण्यापेक्षा सेवेची जबाबदारी पत्करणे महत्त्वाचे, ही त्यांची भूमिका होती.

भारताची डॉट इन ही शाखा ८ मे १९८९ रोजी या यादीत नोंदली गेली. तिची व्यवस्था मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. अशा रीतीने देशात वापरकर्ते येण्यापूर्वीच देशाचे नाव नोंदवहीत आले होते.

व्यापारीकरण आणि वाद

१९९३ पासून डॉट कॉम आणि इतर सामान्य शाखांतील नावे नोंदवण्याचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने नेटवर्क सोल्यूशन्स या खासगी कंपनीकडे कंत्राटाने दिले होते. आरंभी नोंदणी विनामूल्य होती. सप्टेंबर १९९५ पासून कंपनीला प्रत्येक नावासाठी दोन वर्षांचे १०० डॉलर शुल्क घेण्याची मुभा मिळाली. पाहता पाहता नावांचा मोठा बाजार उभा राहिला आणि तो एकाच कंपनीच्या हाती होता. याविषयी तांत्रिक वर्तुळात तीव्र असंतोष पसरला.

पोस्टेल यांनी १९९६ मध्ये अनेक नव्या शाखा आणि त्या चालवणाऱ्या अनेक स्पर्धक नोंदणीसंस्था निर्माण करण्याची योजना मांडली. त्यावर वाद वाढले, तेव्हा इंटरनेट सोसायटी आणि आयाना यांच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय तदर्थ समिती नेमण्यात आली. तिच्यात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटना यांचेही प्रतिनिधी होते. समितीने सात नव्या शाखा सुचवल्या. १ मे १९९७ रोजी जिनिव्हा येथे या योजनेच्या सामंजस्य करारावर सह्या झाल्या आणि दूरसंचार संघाने तो करार आपल्याकडे जतन करण्याचे मान्य केले. इंटरनेटच्या कारभाराचे केंद्र अमेरिकेबाहेर नेण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता.

अमेरिकी सरकारला तो मान्य झाला नाही. ज्या जाळ्याचा पाया आपल्या पैशाने घातला गेला, त्याच्या मुळाविषयीचा निर्णय आपल्याला बाजूला ठेवून कोणी घ्यावा, हे त्याला पटण्यासारखे नव्हते. जुलै १९९७ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नावांची व्यवस्था खासगी क्षेत्राकडे सोपवण्याचे काम वाणिज्य खात्याकडे दिले. या धोरणाची सूत्रे अध्यक्षांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्याकडे होती. जिनिव्हाची योजना मागे पडली.

जानेवारी १९९८ ची घटना

मूळ यादीच्या प्रती तेव्हा १३ सर्व्हरवर होत्या. त्यांपैकी मुख्य सर्व्हर नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीकडे होता आणि उरलेले १२ त्याच्याकडून यादी उतरवून घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी या १२ पैकी ८ सर्व्हरच्या चालकांना ईमेल पाठवून, यापुढे यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी, अशी विनंती केली. आठही चालकांनी ती मानली. त्यांत जपान, ब्रिटन आणि स्वीडन येथील चालकही होते. उरलेले चार अमेरिकी सरकारी यंत्रणांकडे आणि त्या कंपनीकडे होते. त्यांना ही विनंती केली गेली नव्हती.

दोन्ही ठिकाणची यादी सारखीच असल्यामुळे सामान्य वापरकर्त्याला काहीही जाणवले नाही. तरीही काही काळ जगातील इंटरनेटचे मूळ दुभंगलेले होते. पोस्टेल यांनी मनात आणले असते, तर आपल्या यादीत नव्या शाखा घालून ते सरकारच्या धोरणालाच बगल देऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. मॅगझिनर यांनी त्यांच्याशी आणि त्यांच्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांशी संपर्क साधून बदल मागे घेण्यास सांगितले. हा केवळ तांत्रिक चाचणीचा भाग होता, असा खुलासा पोस्टेल यांनी केला आणि सुमारे आठवडाभरात सर्व काही पूर्ववत झाले.

या घटनेचा अर्थ अभ्यासक वेगवेगळा लावतात. काहींच्या मते इंटरनेटवर सरकारची नव्हे, तर तांत्रिक समुदायाची सत्ता चालते हे दाखवून देण्याचा तो प्रयत्न होता. काहींच्या मते तो भावी हस्तांतराचा सराव होता. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना दिसून आली. एका माणसाच्या साध्या ईमेलवर जगातील आठ यंत्रणा आपला मार्ग बदलतात, एवढा त्याच्यावर विश्वास होता. आणि एका दूरध्वनीवर तो बदल मागे घ्यावा लागतो, एवढे त्याचे स्थान कायद्याच्या दृष्टीने दुबळे होते. सज्जनाच्या हाती नोंदवही असणे पुरेसे नाही, ती सांभाळणारी उत्तरदायी संस्था हवी, हा विचार यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

आयकॅनची स्थापना आणि निधन

जून १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने आपले अंतिम धोरण जाहीर केले. त्यानुसार नावे आणि क्रमांक यांची व्यवस्था एका ना-नफा खासगी संस्थेकडे द्यावयाची होती. तिची घटना तयार करण्यात पोस्टेल यांनी पुढाकार घेतला. ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियात आयकॅन या नावाने ही संस्था नोंदवली गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे पोस्टेल यांनी या रचनेचे समर्थन करणारी साक्ष दिली. नव्या संस्थेत तांत्रिक प्रमुखाची जबाबदारी ते घेतील, अशी अपेक्षा होती.

१९९१ मध्ये त्यांच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली होती. ती पुन्हा करण्याची गरज निर्माण झाली. त्यानंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे स्नेही व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख आरएफसी २४६८ म्हणून त्याच मालेत प्रसिद्ध करण्यात आला, जी पोस्टेल यांनी जवळजवळ तीस वर्षे संपादित केली होती. पुढच्या महिन्यात आयकॅन आणि अमेरिकेचे वाणिज्य खाते यांच्यात सामंजस्य करार झाला.

व्यक्तिमत्त्व

पांढुरकी लांब दाढी, मागे बांधलेले केस आणि पायांत साधी चप्पल अशा वेशात पोस्टेल वावरत. सिएरा नेवाडा पर्वतातील दीर्घ पदभ्रमण हा त्यांचा आवडता छंद होता. मितभाषी आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे म्हणून ते ओळखले जात. नावांच्या व्यापारातून अनेकांनी संपत्ती मिळवली. ज्यांच्याकडे मूळ यादी होती, ते पोस्टेल मात्र विद्यापीठातील संशोधकाच्या वेतनावर समाधानी राहिले. संपादक म्हणून ते काटेकोर होते. अस्पष्ट किंवा अपुरे विवरण ते परत पाठवत. त्यांच्या निर्णयांविषयी तक्रारीही होत्या. सर्व अधिकार एका व्यक्तीत एकवटले आहेत, दाद मागण्याची सोय नाही, असे टीकाकार म्हणत. ही टीका निराधार नव्हती आणि आयकॅनच्या घटनेला पाठिंबा देताना पोस्टेल यांनी एका अर्थी तिची दखलच घेतली.

मृत्यूनंतरचा कालखंड

इंटरनेटचा कारभार कोणी चालवावा, हा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने माहिती समाजाविषयीची जागतिक शिखर परिषद २००३ मध्ये जिनिव्हा येथे आणि २००५ मध्ये ट्युनिस येथे भरली. आयकॅनवर एकट्या अमेरिकेची देखरेख असावी, यास अनेक देशांनी तेथे हरकत घेतली. तडजोड म्हणून इंटरनेट कारभार मंचाची स्थापना झाली. या मंचात सरकारांबरोबर तंत्रज्ञ, उद्योग आणि नागरी संघटना यांनाही स्थान आहे, परंतु निर्णय लादण्याचा अधिकार नाही. २००८ मधील त्याची बैठक हैदराबाद येथे झाली.

भारताची भूमिकाही या काळात बदलत गेली. २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंटरनेटविषयक धोरणांसाठी ५० देशांची समिती नेमण्याचा प्रस्ताव मांडला. २०१५ मध्ये मात्र सरकारे आणि इतर घटक यांनी मिळून कारभार चालवण्याच्या पद्धतीला भारताने पाठिंबा जाहीर केला. अखेर १ ऑक्टोबर २०१६ रोजी आयानाच्या कामावरील अमेरिकी सरकारची कंत्राटी देखरेख संपुष्टात आली. पोस्टेल यांच्या मृत्यूला तेव्हा अठरा वर्षे होत आली होती.

देवनागरी आणि पोस्टेलकालीन मर्यादा

पोस्टेल यांच्या काळात ठरलेल्या नियमांनुसार डोमेन नावात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांनाच स्थान होते. आरंभीचे जाळे अमेरिकी विद्यापीठांपुरते असल्याने त्या वेळी यात कोणाला अडचण वाटली नाही. जगभर प्रसार झाल्यावर ही मर्यादा ठळक झाली. ज्याला केवळ मराठी वाचता येते, त्याला इंटरनेटवरचा एकही पत्ता आपल्या लिपीत लिहिता येत नव्हता. आयकॅनने २००९ मध्ये देशांच्या शाखांसाठी इतर लिपींना मान्यता दिली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत ही देवनागरी शाखा नोंदणीसाठी खुली झाली. हिंदी, मराठी, कोंकणी आदी भाषांतील नावे तिच्याखाली घेता येतात. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखादी शाळा किंवा ग्रंथालय आता आपले नाव आपल्या लिपीत नोंदवू शकते.

तथापि जुन्या व्यवस्थेला धक्का लागू नये म्हणून अशी नावे आतून रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच साठवली जातात. अनेक संकेतस्थळांवरील अर्ज देवनागरी ईमेल पत्ता आजही स्वीकारत नाहीत. मूळ यादीत स्थान मिळणे आणि व्यवहारात मान्यता मिळणे यांतील हे अंतर अद्याप भरून निघालेले नाही. येणाऱ्या मजकुराविषयी उदार असावे, हे पोस्टेल यांचे तत्त्व लिपींच्या बाबतीत पाळले जाणे बाकी आहे.

सन्मान आणि स्मृती

संगणक जाळ्यांच्या क्षेत्रातील सिगकॉम पुरस्कार पोस्टेल यांना १९९७ मध्ये मिळाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये त्यांना रौप्यपदक देऊन गौरवले. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार सुरू केला. १९९९ मधील पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर देण्यात आला. ज्या माहितीशास्त्र संस्थेत त्यांनी काम केले, तेथे त्यांच्या नावाचे संशोधन केंद्र उभारण्यात आले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट कीर्तिमंदिरात पहिल्याच वर्षी त्यांचा समावेश झाला. त्यांनी सुरू केलेली नोंदवही आयानाच्या नावानेच आजही चालू आहे आणि जगात कोठेही उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता अखेर तिच्यातील नोंदीवरच अवलंबून असतो.